पंचवीस जणांना घेऊन राजगड: संस्थेचा पहिला ट्रेक लीड करणाऱ्यांसाठी

गिरिभ्रमण संस्थेत तीन-चार पावसाळे आणि तेवढेच हिवाळे नियमित चालल्यावर एखाद्या मासिक बैठकीत आपले नाव पुकारले जाते आणि पुढच्या महिन्याचा ट्रेक लीड करण्याची जबाबदारी अंगावर येते. आजवर दुसऱ्याच्या मागे चालण्याची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी सर्वांत आधी वाटेची काळजी वाटते. गावातून बाहेर पडताना उजवीकडे वळायचे की डावीकडे, पाण्याचे टाके कुठे आहे, हेच प्रश्न मनात घोळत राहतात. वास्तविक राजगडासारख्या नित्य राबता असलेल्या गडाची वाट हा या कामातला सोपा भाग आहे. वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या ताकदीच्या आणि बहुधा एकमेकांना न ओळखणाऱ्या पंचवीस माणसांना दिवसभर एका सूत्रात ठेवून उजेड असताना गावात परत आणणे हा अवघड भाग आहे, आणि त्याची तयारी गडाच्या पायथ्याशी नव्हे, तर तीन आठवडे आधी घरी बसून करावी लागते.

या सगळ्या तयारीत मी एकच कसोटी लावत आलो आहे. ट्रेकमधला प्रत्येक निर्णय रांगेतल्या शेवटच्या माणसाचा विचार करून घ्यावा. वाट कोणती, निघायचे केव्हा, थांबायचे कुठे, गडावर काय पाहायचे आणि काय सोडायचे, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या माणसाकडे पाहिले की आपोआप मिळू लागतात. पुढच्या पाच जणांना सांभाळावे लागत नाही. ते कोणत्याही गडावर जाऊन येतात.

वाट आणि ऋतू

राजगडाचेच उदाहरण घेऊ, कारण पुण्यातल्या आणि मुंबईतल्या बहुतेक संस्थांच्या वार्षिक कार्यक्रमात तो असतोच. शिवाजी महाराजांची पहिली राजधानी असलेला हा गड २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, म्हणजे डोंगराच्या सोंडांवरचे तटबंदीचे भाग, आणि मध्ये उभा असलेला बालेकिल्ला असा त्याचा विस्तार एका दिवसात पायांखाली घालता येण्यापलीकडचा आहे, हे आधीच लक्षात घेतलेले बरे.

गडावर जाण्यासाठी गुंजवणे गावातून चोर दरवाजाची वाट आणि पाली गावातून पाली दरवाजाची वाट या दोन वाटा सर्वाधिक वापरात आहेत. चोर दरवाजाची वाट जवळची आणि रम्य आहे, परंतु शेवटचा टप्पा उभ्या कातळाचा असून तिथे लोखंडी कठड्याला धरून एकामागून एक चढावे लागते. एका माणसाला सरासरी दोन मिनिटे धरली तरी पंचवीस जणांना तिथे पन्नास मिनिटे लागतात. समोरून उतरणारा दुसरा गट आला तर दीड तासही लागू शकतो. तेवढा वेळ वरचे लोक उन्हात बसून कंटाळतात, खालचे लोक चढावर उभे राहून दमतात आणि मधला माणूस घाबरलेला असेल तर त्याच्यावर दोन्ही बाजूंचे डोळे लागतात. पालीची वाट हा गडाचा राजमार्ग होता. तिथे पायऱ्या प्रशस्त आहेत, चढ दमवणारा असला तरी भीती वाटावी असा नाही आणि दोन माणसे एकमेकांना ओलांडून जाऊ शकतात. गटात नवखे लोक चार-पाचपेक्षा अधिक असतील तर चढणे आणि उतरणे दोन्ही पालीनेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चोर दरवाजाचा अनुभव द्यायचाच असेल तर तो पुढच्या वेळी, दहा-बारा जणांच्या गटाला द्यावा.

ऋतूबाबत संस्थेच्या उत्साही सदस्यांशी थोडा विरोध पत्करावा लागतो. पावसाळ्यात नोंदणी सर्वांत जास्त होते आणि अपघातही सर्वांत जास्त होतात. शेवाळलेला कातळ, धुके आणि गर्दी ही तीन कारणे एकत्र आली की सरावलेल्या माणसाचाही पाय घसरतो. पावसाळ्यातला ट्रेक पठाराचा, जंगलातल्या रुंद वाटेचा किंवा लोहगडासारख्या पायऱ्यांच्या गडाचा असावा. मालवली स्टेशनपासून भाजे गावावरून जाणारी लोहगडाची वाट नवख्यांसाठी वर्षभर चांगली आहे. राजगडासाठी ऑक्टोबरच्या अखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम असतो. मार्चनंतर गवत वाळते, सावली संपते, टाक्यांतले पाणी खाली जाते आणि नवख्या माणसाला दुपारचा उतार सोसत नाही.

भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार अंदाज ट्रेकच्या दोन दिवस आधी, आदल्या रात्री आणि निघण्यापूर्वी असा तीनदा पाहावा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर ट्रेक रद्द करावा, आणि तो निर्णय एकट्या लीडरने घ्यावा. गटात मतदान घेऊ नये. पैसे भरलेले पंचवीस लोक ‘जाऊन तर पाहू’ असेच म्हणणार. पावसाळ्यात धबधबे आणि गर्दीच्या ठिकाणी जिल्हा प्रशासन मनाईचे आदेश काढते. ते आदेश आदल्या दिवशीही निघू शकतात, म्हणून स्थानिक बातम्या आणि गावातला एक फोन यांवर लक्ष ठेवावे.

नोंदणी

नोंदणीच्या अर्जात नाव आणि फोन यांखेरीज पाच गोष्टी असल्याच पाहिजेत: वय, घरच्या एका व्यक्तीचा फोन, सध्या चालू असलेली औषधे, दमा, फिट, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार किंवा मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी यांपैकी काही असल्यास त्याचा उल्लेख, आणि गेल्या वर्षभरात चाललेला सर्वांत मोठा ट्रेक. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘बरेच केले आहेत’ असे आले तर मी फोन करून गडांची नावे विचारतो. त्या पाच मिनिटांच्या बोलण्यात माणूस कितपत चालणारा आहे याचा अंदाज येतो, आणि तो गटात आपल्याला ओळखणारी एक व्यक्ती आहे या विश्वासाने येतो.

नकार देण्याची वेळ येते तेव्हा तो फोनवरच द्यावा, पायथ्याशी नव्हे. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्या सदस्याला राजगडाऐवजी पुढच्या महिन्याची सोपी भटकंती सुचवली तर त्यांना वाईट वाटते, पण ते समजून घेतात. पायथ्यावर बसून राहायला सांगितले तर मात्र त्यांचा अपमान होतो. मधुमेहाच्या सदस्याने साखर जवळ ठेवणे, दम्याच्या सदस्याने पंप सॅकच्या तळाशी न टाकता वरच्या कप्प्यात ठेवणे, या गोष्टी त्याच फोनवर सांगून ठेवाव्यात. ही माहिती लीडर आणि पिछाडीचा सहकारी यांच्यापलीकडे जाऊ नये.

गटाची संख्या पंचवीसच्या वर नेऊ नये आणि दर सात-आठ सहभागींमागे संस्थेचा एक अनुभवी कार्यकर्ता असावा. वर्गणी ठरवताना बसचे भाडे अपेक्षित संख्येने न भागता खात्रीच्या संख्येने भागावे. पंचवीस जणांनी नावे दिली असली तरी बावीस धरून हिशेब करावा, कारण आदल्या रात्री दोन-तीन नावे गळतातच, आणि तूट कार्यकर्त्यांच्या खिशातून भरण्याची सवय संस्थेला लागली तर चांगले कार्यकर्ते हळूहळू मागे सरतात. उरलेले पैसे परत करावेत किंवा संस्थेच्या प्रथमोपचार निधीत जमा करून तसे सर्वांना कळवावे. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून अशा उपक्रमांच्या आयोजकांसाठी नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी घातल्या आहेत. आपली संस्था त्या चौकटीत कुठे बसते आणि सहभागींचा विमा कसा उतरवायचा, हे लीडरने कार्यकारिणीकडून लेखी समजून घ्यावे.

पायलट

मुख्य ट्रेकच्या आधी दोघा-तिघांनी जाऊन वाट पाहून येण्याला आपल्याकडे पायलट म्हणतात. दहा वेळा गेलेल्या गडाचाही पायलट करावा, आणि तो ट्रेकच्या फार तर तीन आठवडे आधी. पावसात दरड येऊन वाट बदललेली असते, टाक्यात मेलेले जनावर सापडते, एखाद्या बुरुजाची डागडुजी चालू असल्याने तो भाग बंद असतो. पायलटला जाताना मी मुद्दाम सावकाश चालतो आणि वहीत वाटेचे टप्पे वेळेसह लिहून घेतो: शेवटचे घर, पहिली सावली, पंचवीस माणसे एकत्र बसतील अशी जागा, जिथे फाटा फुटतो आणि गुरांची वाट मळलेल्या वाटेसारखी दिसते ती जागा, मोबाइलला रेंज येते ती जागा. रेंजची नोंद सर्वांत महत्त्वाची असते. अपघात झाल्यावर फोन हातात धरून डोंगराच्या धारेवर धावाधाव करण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचतो.

गावातली कामेही पायलटच्या दिवशीच उरकावीत. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर फाट्याला वळून मार्गासनीमार्गे आत गेल्यावर आपली बस नेमकी कुठपर्यंत जाईल आणि कुठे वळेल हे विचारून घ्यावे. जेवण गावातल्या घरी ठरवायचे असेल तर माणशी दर, संख्या आणि वेळ त्याच दिवशी ठरवून आगाऊ रक्कम द्यावी. पंचवीस जणांचे पिठले-भाकरीचे जेवण म्हणजे त्या घरातल्या बायकांची पहाटेपासूनची मेहनत असते; ऐन वेळी सातजण कमी झाले तरी ठरलेल्या संख्येचे पैसे द्यावेत. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे आणि ग्रामीण रुग्णालयाचे ठिकाण, तिथे सर्पदंशावरची लस आहे का, आणि रात्री-अपरात्री जीप देऊ शकेल असा गावातला माणूस, या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर असाव्यात.

उलटे मोजलेले वेळापत्रक

वेळापत्रक सकाळपासून संध्याकाळकडे न लिहिता सूर्यास्तापासून मागे लिहावे. डिसेंबरात पुण्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटचा माणूस साडेपाचला पाली गावात असला पाहिजे, उतरायला गटाला दोन-सव्वादोन तास लागतात आणि त्यात अर्धा तास मुरगळलेल्या पायासाठी राखून ठेवायचा, म्हणजे पावणेतीनला गड सोडलाच पाहिजे. ही वेळ ठरली की मगच बाकीचे ठरवता येते.

चढाईच्या वेळेसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला ठोकताळा अजूनही वापरतात: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि त्याशिवाय प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा हिशेब थंड हवेत, न थांबता चालणाऱ्या सशक्त माणसाचा आहे. सह्याद्रीच्या उन्हात, नवख्यांसह जाणाऱ्या मोठ्या गटासाठी त्या उत्तराची दीडपट ते दुप्पट करावी. स्वारगेटहून पहाटे साडेपाचला सुटलेली बस नाश्ता धरून आठच्या सुमारास पायथ्याला पोहोचली आणि साडेआठला चढाई सुरू झाली, तर गट अकरा-सव्वाअकराला माचीवर येतो. उरलेल्या साडेतीन तासांत जेवण, पद्मावती माचीवरचे मंदिर आणि तलाव, आणि त्यानंतर बालेकिल्ला किंवा सुवेळा माची यांपैकी एकच होते. बालेकिल्ल्याची चढण खडी आणि अरुंद असल्याने तिथे पुन्हा चोर दरवाजासारखीच रांग लागते. ‘इतक्या लांब आलोच आहोत तर संजीवनीही पाहू’ ही मागणी हमखास येते. गटाचे दोन भाग करून एकाला सुवेळ्याकडे आणि दुसऱ्याला संजीवनीकडे पाठवण्याची तडजोड मात्र कधीही करू नये, निदान पहिल्या ट्रेकला तर नाहीच. ज्यांना संजीवनी माचीची दुहेरी-तिहेरी तटबंदी नीट पाहायची आहे त्यांना तिच्यासाठी स्वतंत्र दिवस काढायला सांगावे. ती तेवढ्या योग्यतेची आहे.

पुढचा, मधला आणि मागचा

पायथ्याशी ओळखपरेड होते तेव्हा नाव आणि गाव यांबरोबर प्रत्येकाला एक क्रमांक द्यावा. हा क्रमांक पुढे दिवसभर उपयोगी पडतो. प्रत्येक थांब्यावर एकापासून पंचवीसपर्यंत प्रत्येकाने आपला आकडा स्वतः मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याचा म्हणायचा नाही. बोटाने डोकी मोजणे आणि ‘सगळे आले ना?’ असे विचारणे या दोन्ही पद्धती मी सोडून दिल्या, त्याला कारण घडले. धुक्याच्या एका सकाळी आम्ही एका गडाची माची सोडताना मी हाच प्रश्न विचारला, सात-आठ जणांनी मनापासून ‘हो’ म्हटले आणि आम्ही निघालो. पाऊण तासाने खिंडीत पाणी पिताना एक सदस्या सोबत नाहीत हे लक्षात आले. त्या टाक्यापाशी बाटली भरायला थांबल्या होत्या आणि परत आल्या तेव्हा माचीवर कुणीच नव्हते. त्यांनी जागा न सोडता मंदिरात थांबण्याचे शहाणपण दाखवले म्हणून त्या सुखरूप भेटल्या. आम्हाला शोधत त्या धुक्यात उतरल्या असत्या तर काय झाले असते, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो. तेव्हापासून ओळखपरेडीत मी दोन वाक्ये न चुकता सांगतो: रांगेतून बाहेर पडायचे तर पुढच्या आणि मागच्या माणसाला सांगूनच पडावे, आणि आपण मागे राहिलो आहोत असे वाटले तर आहे तिथेच बसून राहावे, शिट्टी वाजवावी, शोधत फिरू नये.

रांगेत सर्वांत पुढे असलेल्या कार्यकर्त्याला वाट ठाऊक असावी आणि त्याला सावकाश चालता यावे. दुसरा गुण पहिल्यापेक्षा दुर्मीळ आहे. त्याच्या पुढे कुणीही जायचे नाही हा नियम वेगवान सदस्यांना जाचतो, पण फाट्यावर चुकीच्या वाटेला लागणारे लोक बहुतेक वेळा पुढचेच असतात. पिछाडीला संस्थेतला सर्वांत अनुभवी माणूस असावा. नवख्या लीडरला स्वतः पुढे चालावेसे वाटते, त्यामुळे पिछाडी एखाद्या उत्साही तरुणाकडे जाते आणि नेमकी हीच चूक होते. दमलेला, पाय मुरगळलेला, मळमळणारा, घाबरलेला असा प्रत्येक माणूस शेवटी मागेच येतो, म्हणून निर्णयशक्ती, प्रथमोपचाराची पेटी, दोर, जास्तीचे पाणी आणि विजेरी हे सारे मागे असले पाहिजे. मी लीड करतो तेव्हा चढताना मध्ये आणि उतरताना मागे असतो. पुढच्या आणि मागच्या कार्यकर्त्याकडे वॉकीटॉकी असेल तर उत्तम. नसेल तर शिट्टीची खूण ठरवावी. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला आणि पुन्हा पुन्हा तीन म्हणजे मदत हवी, एवढे पुरते.

थांब्यांच्या बाबतीत एक अन्याय बहुतेक गटांत नकळत होतो. पुढचे लोक विश्रांतीच्या जागी पोहोचतात, पंधरा मिनिटे बसतात आणि शेवटचा माणूस धापा टाकत येताच ‘चला, आले सगळे’ म्हणून उठतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, आणि तिसऱ्या थांब्यानंतर तो मनानेही खचतो. म्हणून थांब्याचे घड्याळ शेवटचा माणूस बसल्यावर सुरू करावे. पाच मिनिटे पुरतात, पण ती त्याची पाच मिनिटे असावीत. त्यानंतरही तो मागे पडत असेल तर त्याला पुढच्या कार्यकर्त्याच्या लगेच मागे आणावे. त्याचा वेग सर्वांचा वेग होतो, रांग एकसंध राहते आणि त्याला आपण ओझे झालो आहोत असे वाटत नाही. कारण मागे वळून पाहिले की त्याला चोवीस माणसे आपल्यामागे चालताना दिसतात.

त्याची सॅक काढून घेण्याची वेळ आली तर ती गाजावाजा न करता घ्यावी. आणि चढाईच्या निम्म्या वाटेवर साडेदहा वाजून गेले असतील, ओठ कोरडे पडले असतील, उत्तरे तुटक येत असतील, तर त्याला एका कार्यकर्त्यासह गावात परत पाठवावे. एकट्याला कधीही पाठवू नये. दोन कार्यकर्ते गेले तरी गट चालू राहील इतके कार्यकर्ते म्हणूनच आधी लागतात.

पाणी, ऊन, माश्या आणि वीज

हिवाळ्यातही प्रत्येकाने स्वतःचे तीन लिटर पाणी आणावे आणि लीडरने पायथ्याशी सर्वांच्या बाटल्या प्रत्यक्ष पाहाव्यात. ‘वर टाके आहे’ या भरवशावर एकच बाटली घेऊन येणारे दोघे-तिघे असतातच. त्यांना गावातच दुसरी बाटली भरायला लावावी. नुसते पाणी भरपूर पिऊन घामातून गेलेले मीठ भरून निघत नाही, त्यामुळे मीठ-साखरेचे लिंबूपाणी किंवा ओआरएस, चिक्की, शेंगदाणे, खजूर आणि मोसंबी-संत्री यांचा खाऊ चढताना थोडा थोडा होत राहावा. चक्कर आलेल्या माणसाला सावलीत आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत. अंग तापले आहे आणि बोलणे असंबद्ध झाले आहे असे दिसले तर तो उष्माघात समजून डोके, मान, काखा आणि मांड्या ओल्या कापडाने सतत पुसाव्यात, वारा घालावा आणि लगेच मदत मागवावी. अशा वेळी शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

कड्याकपारींत आग्या मोहोळे असतात आणि राजगडही त्याला अपवाद नाही. तीव्र वासाचे अत्तर किंवा फवारा, धूर, आरडाओरड आणि दगड फेकणे यांनी माश्या उठतात, म्हणून गडावर चूल पेटवणे आणि शेकोटी करणे पूर्ण टाळावे. माश्या उठल्याच तर हात हलवून त्यांना मारत बसू नये. डोके आणि चेहरा कापडाने झाकून त्या जागेपासून शक्य तितके दूर जावे, मात्र कड्याच्या दिशेने धावू नये. सुरक्षित जागी पोहोचल्यावर नांगी लवकरात लवकर खरवडून काढावी. अंगावर गांधी उठून श्वास लागू लागला, ओठ किंवा जीभ सुजली, तर एकही मिनिट न दवडता रुग्णालय गाठण्याची तयारी करावी.

साप दिसला तर थांबून त्याला वाट द्यावी. चावलाच, तर तो नाग, मण्यार, घोणस की फुरसे हे ठरवण्यात किंवा त्याला पकडण्यात वेळ घालवू नये. जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. अंगठी, घड्याळ, बूट काढावेत, तो अवयव काठीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू न देता उचलून खाली न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ११२ हा सर्व प्रकारच्या आपत्कालीन मदतीचा क्रमांक आहे. उंचावरून पडलेल्या माणसाची मान किंवा पाठ दुखत असेल तर मात्र त्याला उचलण्याची घाई करू नये; त्याला उबदार ठेवावे, एकाने सतत बोलत राहावे आणि महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या बचाव पथकांना कळवावे. ही पथके अनुभवी स्वयंसेवकांची आहेत आणि स्ट्रेचर-दोरांसह येतात. त्यांच्या समन्वय केंद्राचा क्रमांक प्रत्येक कार्यकर्त्याच्या फोनमध्ये आधीच असावा.

एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवाच्या सरींत आणि परतीच्या पावसात दुपारनंतर विजेचे भय असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला तर वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजून धार, बुरूज, एकटे झाड, लोखंडी कठडे आणि ध्वजस्तंभ यांपासून दूर व्हावे. गटाने एकत्र घोळका न करता अंतर ठेवून सखल जागी थांबावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय उघड्यावर येऊ नये.

गड आणि गाव

राजगड हे राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक आहे. गडावर मुक्काम करता येतो का, याची चौकशी दर वेळी नव्याने करावी; मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नये. टाक्यात हात-पाय धुऊ नयेत, बाटली थेट न बुडवता स्वच्छ भांड्याने पाणी काढावे. कचरा आपला तर परत आणावाच, शिवाय प्रत्येकी एक रिकामी पिशवी दिली तर उतरताना वाटेवरचाही आणता येतो. मोठ्या आवाजातले स्पीकर संस्थेच्या ट्रेकमध्ये नसावेतच.

इतिहास सांगायचा असेल तर तो आधी नीट वाचून, पंधरा मिनिटांत आणि त्या जागी उभे राहून सांगावा. पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे. १६५९ साली त्यांचे निधन याच गडावर झाले. आग्र्याहून निसटलेले महाराज १६६६ साली याच गडावर परतले. दमून बसलेल्या माणसांना एवढे सांगून दोन मिनिटे गप्प राहिले, तर ती जागा पुढचे स्वतः बोलते.

बस सुटल्यानंतर

गावात शेवटचे आकडे म्हणून झाल्यावर घरच्या जेवणाचे पैसे, वाटाड्याचे पैसे आणि बसचालकाचे जेवण यांची खात्री करून मगच बस सोडावी. परतीच्या प्रवासात चालक पहाटेपासून जागा असतो, म्हणून एका कार्यकर्त्याने त्याच्या शेजारी बसून जागे राहावे. शहरात प्रत्येकजण वेगवेगळ्या थांब्यावर उतरतो. तिथून घरी पोहोचल्याचा निरोप गटावर टाकण्याची विनंती करावी आणि रात्री साडेदहापर्यंत ज्यांचा निरोप आला नाही त्यांना स्वतः फोन करावा.

हिशेब दोन दिवसांत आणि अहवाल आठवड्याच्या आत लिहावा. अहवालात छायाचित्रांपेक्षा प्रत्यक्ष वेळा महत्त्वाच्या असतात: पहिला माणूस माचीवर केव्हा पोहोचला, शेवटचा केव्हा, आणि त्या दोघांत किती अंतर पडले. कुणाला कुठे त्रास झाला, कोणत्या वळणावर गट चुकला असता, टाक्यात पाणी किती होते, हेही लिहावे. एखादा थोडक्यात टळलेला प्रसंग असेल तर नाव न घेता पण काहीही न लपवता लिहावा. पुढच्या वर्षी राजगडाची जबाबदारी ज्या सदस्याकडे जाईल, तो सर्वांत आधी तेच पान उघडणार असतो.